भात्यावाचून पेटी

शिरूर हे नाव दफ्तरातले, एस. टी.च्या पाटीवर आणि मामलेदार कचेरीच्या शिक्क्यावर ते असले, तरी बाजाराला येणारा जुना माणूस आजही ‘घोडनदीला जाऊन येतो’ असेच म्हणतो. या घोडनदीहून दक्षिणेस निघालेला रस्ता न्हावऱ्यावरून, उसाच्या गाड्यांनी खचलेल्या पट्ट्यातून, पारगावाजवळ भीमा ओलांडतो आणि केडगावाशेजारी चौफुल्यावर पुणे-सोलापूर हमरस्त्याला मिळतो. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांस बांधणारी खरी नाडी म्हणजे हा रस्ता. आणि आमच्या मुलखातील गाण्याबजावण्याच्या धंद्याचा इतिहास लिहावयाचा झाला, तर तोही बहुतांशी याच रस्त्याच्या दोन टोकांवर लिहिला गेलेला आहे. वरच्या अंगाला कवठे येमाई आणि पाबळ, खालच्या अंगाला चौफुल्याच्या संगीत बाऱ्या, आणि त्याही खाली दौंडाचे रेल्वे जंक्शन. या लेखाचा प्रत्यक्ष विषय मात्र मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली एक तबकडी आहे, आणि ती या रस्त्यावर कधी वाजली असेल असे मला वाटत नाही. तरीही तिची गोष्ट मी येथूनच सांगणार आहे, कारण ती न वाजण्याचे कारण येथे जितके उमगते तितके मुंबईत उमगत नाही.

परकी वस्तू पचविण्याची या मुलखाची ताकद मोठी विलक्षण. वसईच्या तहानंतर तैनाती फौजेची छावणी घोडनदीस पडली. १८१७ च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावाकडे रवाना झाली ती याच छावणीतून. त्या आधी आठ वर्षे, १८०९ साली, छावणीचा अंमलदार कर्नल वॉलेस येथे वारला. त्याच्या थडग्याचे पुढे जे झाले, ते इंग्रजांनी आपल्या गॅझेटियरमध्येही काहीशा अचंब्याने नोंदवून ठेवले आहे : आसपासच्या खेड्यांतील लोक त्यास ‘सत्पुरुष’ म्हणू लागले आणि सुगीच्या दिवसांत पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर ठेवू लागले. ज्या गावाने परधर्मी कर्नलास नवसाला पावणारा केला, त्या गावाला एखादे विलायती वाद्य पचविणे किती जड जाणार?

आणि वाद्ये आलीच. लष्करी बँडातली क्लॅरिनेट लग्नाच्या वरातीत शिरली, तिच्या वादकास ‘मास्तर’ ही पदवी मिळाली, आणि वरमायांना ती सनईइतकीच शुभ वाटू लागली. पुण्याहून दिकसाळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ च्या डिसेंबरात खुला झाला, १८७८ साली दौंडाहून मनमाडकडे फाटा फुटला, आणि दौंड हे रेल्वेचेच गाव होऊन बसले. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडास थांबवावयाची, तिचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडावयाचे, आणि उतारूंनी तेवढ्या वेळात चहा घ्यावयाचा, हा विधी अनेक पिढ्यांनी पाहिला. या गाड्यांतून तमाशाच्या फडांचे बिऱ्हाड चढले-उतरले असेल, आणि त्या बिऱ्हाडात ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांजा यांच्या जोडीला चौकोनी लाकडी खोक्यात बंद केलेली एक परदेशी बाईही असेल. ती म्हणजे पेटी.

पेटीच्या कुळाची आठवण आता कोणास राहिलेली नाही, म्हणून ती थोडी करून द्यावयास हवी. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास हार्मोनियमची सनद मिळविली. ते वाद्य पायाने भाता मारून वाजवावयाचे होते आणि त्याचा जन्म प्रार्थनामंदिरांसाठी झाला होता. मिशनऱ्यांबरोबर ते इकडे आले. आपल्याकडची बैठक जमिनीवरची, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याचे पाय कापले, भाता पाठीमागे नेला आणि डाव्या हाताला काम दिले. संगीत नाटकांनी ते डोक्यावर घेतले. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली त्याने अशी मान्यता मिळविली की ऐकणाऱ्यास आपण पाश्चात्त्य यंत्र ऐकतो आहोत याचा विसरच पडावा. पंडितांचा आक्षेप मात्र कायम राहिला, आणि तो खोटा नव्हता. बारा पट्ट्यांत बांधलेला स्वर हा कुंपणातला स्वर. दोन पट्ट्यांच्या मध्ये जे आहे, आणि आपल्या रागांचा निम्मा जीव तेथेच आहे, ते पेटीला उच्चारताच येत नाही. तिला मींड नाही. १९४० साली आकाशवाणीने तिला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले, आणि ते फर्मान सुमारे तीन दशके अंमलात राहिले.

चौफुल्याच्या बारीत या फर्मानाची दाद कोणी घेतली असेल असे दिसत नाही. ढोलकीचा फड आणि संगीत बारी यांतला भेद पुण्यामुंबईच्या लेखकांना पुष्कळदा कळत नाही. फड उघड्या मैदानात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग अशा क्रमाने रात्र काढतो, तर बारीत बैठक असते, समोर पाचपंचवीस रसिक, आणि एकेका फर्माइशीवर लावणीचा एकेक शब्द पन्नास तऱ्हांनी उलगडून दाखविण्याची मुभा. अशा बैठकीत पेटीमास्तर हा साथीदार नसून कारभारी असतो. गाणारणीचा श्वास कोठे तुटणार, कोणती नोट पुढे आली की मुखडा पुन्हा घ्यावयाचा, दौलतजादा पडत असताना लय किती लांबवावयाची, हा सारा हिशेब त्याच्या डोक्यात. भाता मारणारा डावा हात पाहावा : स्वर भरावयाचा असला की तो जवळ येतो, गाणारी अदा करून थांबली की तोही हवेत थबकतो. पेटीला मींड नसेल, पण दम आहे, आणि त्या दमावर तिने पंडितांचा आक्षेप निदान या मुलखात तरी निकालात काढला.

कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी जन्मभर तमाशांसाठी वग आणि लावण्या लिहिल्या. २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारने त्यांना दिला. त्यांच्या पिढीने फडाचे रूपांतर डोळ्यांदेखत पाहिले. कंदिलाची जागा विजेने घेतली. ध्वनिक्षेपक आल्यावर पट्टीच्या आवाजाचा भाव उतरला. रंगबाजीत सिनेमाची गाणी शिरली, आणि सिनेमाची गाणी वाजवावयाची तर सिनेमासारखे वाजले पाहिजे, म्हणून ढोलकीच्या शेजारी खांबावर उभे केलेले विलायती पडघम, मग जपानी कळफलक आणि त्याहीनंतर रबरी चौकटीचा ऑक्टोपॅड आला. हा क्रम शास्त्राने ठरविला नाही, यात्रा कमिटीने ठरविला. सुपारी देणारा पुढारी फडमालकास आधी विचारू लागला, ‘ऑर्केस्ट्रा आहे ना?’

त्या प्रश्नाच्या मागे जो काळ आहे, तो डिस्कोचा. १९८० साली ‘कुर्बानी’ हा चित्रपट आला, १९८१ साली नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’ घरोघर पोहोचली, १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ लागला. आणि त्याच १९८२ साली मुंबईत एका मध्यमवयीन वादकाने एकट्याने एक तबकडी मुद्रित केली. चरणजित सिंग हे त्यांचे नाव. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार, बास आणि कळफलकाची वाद्ये वाजवून चरितार्थ चालविणारा, ‘दम मारो दम’ मध्ये ज्याचा ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे विजेवरचा अकॉर्डियन, ऐकू येतो असा, आणि उरलेल्या संध्याकाळी लग्नसमारंभांतून आपला ताफा घेऊन वाजविणारा हा गृहस्थ. म्हणजे आमच्या बँडमास्तराचाच शहरी भाऊबंद, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ग्रामोफोन कंपनीने काढलेल्या त्या तबकडीचे नाव मोठे सरळसोट होते : डिस्को ठेक्यावरील दहा राग. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती एका बाजूस. मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी दुसऱ्या बाजूस. प्रत्येक पाचेक मिनिटांचा. तबला नाही, तंबोरा नाही, गायक नाही, साथीदार नाही. एक माणूस आणि रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे.

विजेचा स्वर तोवर आपल्याकडे अगदीच अपरिचित होता असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला होता. चित्रपटांत केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सिंथेसायझरचा उपयोग रुजविला होता. परंतु तेथे यंत्र एक तर प्रयोगशाळेत होते किंवा गाण्याच्या पाठीमागे दबून. सिंगांनी ते पुढच्या गादीवर आणून बसविले.

त्या तीन यंत्रांपैकी एक, ज्युपिटर-८, हे मोठे आठ-स्वरी वाद्य. त्यावर ते उजव्या हाताने राग मांडीत. दुसरे टीआर-८०८, ठेक्याचे. तिसरी टीबी-३०३ नावाची एक चंदेरी डबी, काखेत मावेलशी, आणि तिचे चरित्र एखाद्या वगास विषय व्हावे असे आहे. एकट्याने गिटार वाजविणाऱ्यास खर्जाची साथ मिळावी म्हणून ती जपानात तयार झाली, परंतु तिला शिकविणे इतके किचकट की गिटारवाले वैतागले : स्वर एका फेरीत भरावयाचे, त्यांचे कालमान निराळ्या फेरीत, आणि शिवाय कोणत्या स्वरावर जोर पडावा व कोणता स्वर पुढच्या स्वरात घसरत मिसळावा हे एकेका घराशी थांबून सांगावयाचे. सुमारे दहा हजार नग निघाले आणि १९८४ साली कारखान्याने तिला निरोप दिला. पण त्या ‘घसरत मिसळण्या’त सिंगांना जे दिसले, ते दुसऱ्या कोणास दिसले नव्हते. पंडितांनी पेटीला ज्या दोषासाठी जातीबाहेर टाकले, तो दोष या डबीत नव्हता. तिला मींड होती. यंत्राच्या पोटात, तारेच्या वेटोळ्यात, एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर ओघळत जाण्याची सोय होती, आणि ज्याचा कान आपल्या रागांवर पोसला आहे अशा माणसाच्याच हातून ती सोय अशा रीतीने सार्थ व्हावी, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

मी ही तबकडी प्रथम ऐकली ती दौंड स्थानकात, इंजिन या टोकाचे त्या टोकास जात असताना, नातवाच्या फोनवरून. पहिली प्रतिक्रिया अनुकूल नव्हती, हे कबूल केले पाहिजे. दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे ठेका. आपल्या तालाला सम आहे आणि काल आहे. भरलेली जागा आहे आणि सोडलेली जागा आहे. ढोलकीवाला ज्या क्षणी हात उचलतो त्या क्षणी ऐकणाऱ्याची मान हलते. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक मात्रा समच. अखंड चालणाऱ्या गिरणीत उभे राहिल्यासारखे वाटते. दुसरी गोष्ट क्रमाची. भैरवीने मैफल संपते; भैरवीचे पहिले स्वर कानी पडताच मराठी श्रोता नकळत चपला चाचपू लागतो. या गृहस्थांनी आरंभच भैरवीने केलेला, आणि मग ललत, मग एकदम सायंकाळची भूपाळी, मग पुन्हा सकाळची तोडी! समयचक्राची अशी मोडतोड आमच्या भागातला कीर्तनकारही सहन करणार नाही.

तोडीपर्यंत आलो तेव्हा मात्र गाडी हलली आणि माझे मतही थोडे हलले. इंजिन उलट बाजूस लागल्यामुळे मघाशी पुढे असलेली दिशा आता पाठीमागे जात होती, आणि रुळांच्या सांध्यांचा खडखडाट त्या ठेक्यात असा मिसळला की काल नसण्याचा माझा आक्षेप मलाच अपुरा वाटू लागला. खर्जाची ती डबी दर फेरीस तेच स्वर घेत होती, पण दर फेरीस तिचा आवाज किंचित अधिक उघडत होता, जणू दाराची फट वाढावी. आणि वर ज्युपिटरवर कोमल गंधार असा रेंगाळत होता की तो पट्टीवर वाजतो आहे हे खरे वाटू नये. हा मनुष्य राग जाणत होता. त्याने रागाला यंत्राच्या गळ्यात बांधले नाही. यंत्राला रागाच्या पायाशी आणून बसविले.

तबकडी खपली नाही. त्याची कारणे पुण्यामुंबईचे जाणकार निरनिराळी देतात, काळाच्या पुढे होती वगैरे. मला ती कारणे फार ढोबळ वाटतात. दीर्घवादन तबकडी ही तेव्हा शहरी दिवाणखान्याची वस्तू होती. आमच्याकडे त्याच सुमारास कॅसेट आली आणि चावडीजवळच्या टपरीपासून ट्रॅक्टरच्या बसकणीपर्यंत तिचे राज्य झाले. पण एवढ्यानेही उलगडा होत नाही. मला दिसते ते असे की या मुलखात परकी वस्तू आपलीशी होते ती माणसामार्फत. वॉलेसला नैवेद्य दाखविणारे हात होते. क्लॅरिनेटला मास्तर मिळाला. पेटीला बारी मिळाली, बारीत बिदागी होती, फर्माइश होती, ‘आणखी एकदा’ म्हणणारा रसिक होता. सिंगांच्या तबकडीत फर्माइशीला जागाच नव्हती. जे वाजावयाचे ते आधीच भरून ठेवलेले. समोर कोणी बसला आहे की नाही, याची त्या यंत्रांना पर्वा नव्हती. आणि स्वतः सिंग तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाच्या तरी लग्नात फर्माइशीची गाणी वाजवीत असतील.

पुढची हकीकत जगजाहीर आहे, म्हणून थोडक्यात उरकतो. जपान्यांनी टाकून दिलेल्या त्या चंदेरी डब्या अमेरिकेत जुन्या मालाच्या दुकानांतून फिरत शिकागोच्या काही तरुणांच्या हाती लागल्या, आणि १९८७ साली फ्यूचर या त्रिकुटाच्या एका तबकडीपासून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर पसरला. पाच वर्षे आधी मुंबईत तोच ध्वनी मुद्रित झालेला आहे, हे कोणास ठाऊक नव्हते. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकास दिल्लीत ती जुनी तबकडी सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. आणि ती ऐकून युरोपातील काही शहाण्यांना ही बनवाबनवी असावी, कोणीतरी आजच्या वादकाने जुने नाव घेऊन केलेली थट्टा असावी, अशी शंका आली. सत्तरी गाठलेल्या सिंगांना त्यानंतर परदेशी रंगमंचांवर बोलावणी आली. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले. आपण काही क्रांती केली असे त्यांना वाटत नव्हते. डिस्को चालू होता, राग येत होते, दोन्ही एकत्र वाजवून पाहिले, इतकेच ते सांगत. मुनीमजींनी जमाखर्च वाचून दाखवावा तसे हे सांगणे मला फार आवडते.

एवढे लिहून झाल्यावर राहवेना, म्हणून गेल्या कार्तिकात एका दुपारी चौफुल्याला उतरलो. बाऱ्या संध्याकाळी सुरू होतात. दुपारी तेथे कपडे वाळत असतात, घुंगरांच्या चामड्याला तेल लावणे चाललेले असते, आणि कोणीतरी आचाऱ्याशी हुज्जत घालीत असते. ओळखीचे एक वृद्ध पेटीमास्तर बाजेवर बसले होते. त्यांच्या बैठकीतही आता कळफलक आला आहे, तो त्यांचा पुतण्या वाजवितो; पेटी मात्र त्यांनी सोडलेली नाही. फोन त्यांच्या कानाशी धरून मी तबकडी लावली.

भैरवीचे दोन स्वर झाले न झाले तोच ते म्हणाले, “साहेब, आल्या आल्या शेवट?” मग गप्प झाले. उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर पट्टी शोधू लागली. काळी दोन की काळी तीन, असे काहीसे पुटपुटले. डावा हात मांडीशेजारी आपोआप मागेपुढे होऊ लागला, नसलेला भाता मारीत. आणि थोड्या वेळाने तो हात अडखळला, कारण जेथे दम घ्यावयास हवा तेथे समोरचा थांबतच नव्हता. त्यांनी भुवई वर केली.

“भाता कोण मारतंय?”

मी म्हटले, कोणी नाही, विजेवर आहे.

“ते कळलं हो. पण मग हा श्वास कुठं घेतो?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पाच मिनिटे संपली, ललत सुरू झाला, तेव्हा त्यांनी हाताने थांबवावयास सांगितले, आतून पुतण्याला हाक मारली, आणि तो ओल्या हातांनी बाहेर आला तसे मला म्हणाले, “मघाचं ते पुन्हा लावा. तो खालचा, खर्जातला. गंधारावरून खाली घसरतो बघा, तेवढंच. ह्याला ऐकू द्या.”